तारा जुळल्या म्हणजे मनं जुळली?

उलटतपासणी
परवा एका लेखात वाचलं : "देशादेशांत वीजवाहिन्या, गॅसवाहिन्या आणि रेल्वे टाका, मग युद्ध कुणालाच परवडणार नाही." खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

सोव्हिएत तेल युरोपात नेणाऱ्या १९६४ च्या वाहिनीचं नावच 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री. जवळपास साठ वर्षं जोडलेले राहून काय झालं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा दिसलं. त्याच वर्षी सप्टेंबरात रशिया-जर्मनी गॅसवाहिनी नॉर्ड स्ट्रीम समुद्राच्या तळाशी फुटली. समझोता एक्स्प्रेस १९७६ ला सुरू झाली, २००२ ला थांबली, २००४ ला पुन्हा निघाली, २०१९ पासून बंद आहे. ही गाडी शांतता आणणार होती, की शांततेची वाट बघत यार्डात उभी राहणार होती?

लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया १९९१ ला स्वतंत्र झाले, पण त्यांच्या ग्रिडची (वीजजाळ्याची) फ्रीक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो ठेका, पुढेही मॉस्कोतूनच सांभाळली जायची. ती नाळ तुटली ८ फेब्रुवारी २०२५ ला! जोडा हो, जरूर जोडा. पण बटणावर बोट कुणाचं, हे आधी विचारा. एवढंच म्हणणं आहे.

लोड डिस्पॅच
साफ असहमत. बाल्टिकचं उदाहरण तुम्ही सोयीचं तिथे कापलंत. ८ तारखेला तार तोडली आणि ९ ला पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडली. एकटे किती काळ राहिले? एक दिवस.

युक्रेनचं तर आणखी बोलकं. २४ फेब्रुवारी २०२२ ला मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी चाचणीपुरतं आपलं ग्रिड रशियापासून वेगळं केलं आणि काही तासांत हल्ला सुरू झाला. परत रशियाच्या ग्रिडला जायचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या वर्षावर ठेवलेली युरोपशी जोडणी १६ मार्चला उरकली.

मी आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या काढल्या आहेत. मध्यरात्री वीजनिर्मितीचा मोठा संच ट्रिप होतो, म्हणजे अचानक बंद पडतो, फ्रीक्वेन्सी खाली जाते आणि पोटात गोळा येतो. आपण फोन उचलायच्या आत शेजारच्या ग्रिडची वीज आत आलेली असते. ती रात्र काढलेल्याला 'बटणावर बोट कुणाचं' हे तत्त्वज्ञान सुचत नाही.

उलटतपासणी
काका, अनुभवाचा आदर आहे. पण शेजाऱ्याची वीज येते त्याच तारेने त्याचा अंधारही येतो. सप्टेंबर २००३ : स्वित्झर्लंडमध्ये एक तार झाडाला टेकली आणि सार्डिनिया सोडून सगळी इटली काळोखात. नोव्हेंबर २००६ : जर्मनीत एक क्रूझ जहाज नदीतून जायचं म्हणून वरची लाइन बंद केली, तर युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे! दीड कोटी घरांची वीज गेली. जहाज एक, नदी एक, आणि भोगलं फ्रान्स-स्पेनपर्यंत.

लोड डिस्पॅच
आणि २००६ ला वीज परत किती वेळात आली? दोन तासांच्या आत. हे का गाळलंत? २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालचं ग्रिड बसलं, तेव्हा पुन्हा उभं राहायला पहिला आधार फ्रान्स आणि मोरोक्कोच्या तारांचाच होता. चूल विझली की विस्तव शेजारूनच आणतात.

फ्योर्डकाठची
तुम्ही दोघे मेगावॉट मोजा, मी बिल मोजते. दक्षिण नॉर्वेत राहते. २०२१ मध्ये जर्मनीकडे एक आणि ब्रिटनकडे एक अशा १४०० मेगावॉटच्या दोन केबल सुरू झाल्या. त्याच हिवाळ्यापासून आमचे भाव असे चढले की दोन खोल्यांचे हीटर बंद ठेवून आम्ही चौघं एकाच खोलीत बसायचो. पाणी आमचं, धरणं आमची, भाव मात्र जर्मनीचे. वर गंमत म्हणजे उत्तर नॉर्वेत वीज स्वस्तच, कारण उत्तर-दक्षिण तारा अपुऱ्या. परदेशाशी नातं घट्ट आणि घरातल्या घरात अबोला! जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या ऊर्जा-नियमांवरून आमचं आघाडी सरकार फुटलं, ते उगाच नाही.

(युद्धामुळे गॅस महागला, धरणं रिकामी होती, सरकार बिलाचा मोठा वाटा उचलतं. सगळं माहीत आहे. कृपया समजावून सांगू नये.)

लोड डिस्पॅच
ताई, समजावत नाही. फक्त एक : धरणं रिकामी होतात तेव्हा त्याच केबलने वीज आत येते.

फ्योर्डकाठची
समजावलंतच शेवटी.

मीटरगेजप्रेमी
विजेचं पुरे. देश खरे जोडतात ते रुळांनी, आणि तिथे राज्यकर्त्यांनी मुद्दाम खोडा घातलाय. स्पेनने रुंद गेज (दोन रुळांमधलं अंतर) घेतला तो फ्रेंच सैन्य गाडीने घुसू नये म्हणून. रशियाचंही तेच. बेलारूस-पोलंड सीमेवरच्या ब्रेस्टला मध्यरात्री माझा डबा, माझ्यासकट, जॅकवर उचलून खालच्या बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, बदलल्या होत्या. मी पांघरुणात, डबा हवेत! लष्करी डोक्याशिवाय असला उपद्व्याप कुणाला सुचेल?

सांधेवाला
ही लोणकढी अजून चालू आहे? स्पेनचा १८४४ चा अहवाल बघा. डोंगराळ मुलूख, जोरकस इंजिन हवं, मोठा बॉयलर बसायला रुंदी हवी, म्हणून सहा कॅस्टिलियन (जुने स्पॅनिश) फूट. आणि रशियाचा पाच फुटी गेज सुचवला व्हिस्लर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत तोच गेज होता. तिथे कोणत्या झारची भीती होती?

मीटरगेजप्रेमी
१९४१ मध्ये रशियात घुसलेल्या जर्मनांना रूळ आत सरकवत पुढे जावं लागलं, तेही त्या अमेरिकनानेच सुचवलं होतं का?

सांधेवाला
परिणाम आणि हेतू यांतला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. छत्री उन्हात उपयोगी पडली म्हणून ती उन्हासाठी घेतली असं होत नाही.

मीटरगेजप्रेमी
भाषा सांभाळा. मी त्या डब्यात होतो, तुम्ही अहवालात होता.

सांधेवाला
डब्यात होतात म्हणून १८४४ मध्येही होतात का?

पूलपार
भांडा, पण एक ऐका. मी स्वीडनच्या मालम्योला राहून डेन्मार्कच्या कोपनहेगनला नोकरी केली. दोन्ही शहरं जोडणारा ओरेसुंडचा पूल २००० सालचा. रूळ दोन्हीकडे सारखे, पण वीज वेगळी, सिग्नल वेगळे. इतकंच काय, स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून धावतात आणि डेन्मार्कमध्ये उजवीकडून. इंजिनियरांनी हे सगळं जुळवलं. मग जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओळखपत्र तपासायचा नियम काढला. घरी येताना डेन्मार्कच्या बाजूला कास्ट्रुप स्टेशनवर सगळ्यांनी उतरायचं, रांगेत कार्ड दाखवायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं. मुलीला पाळणाघरातून आणायला मला रोज उशीर. सव्वा वर्षाहून जास्त चाललं हे. गेजवर कधी अडलो नाही, कागदावर अडलो.

उलटतपासणी
@पूलपार, हेच तर सांगतोय सकाळपासून! नेपाळचं घ्या. बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज विकायची, पण वाट भारतातून. वीज नेपाळची, गिऱ्हाईक बांगलादेशी, तरी मधल्याच्या सहीशिवाय दिवा लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा लागला.

लोड डिस्पॅच
पण लागला ना? आणि २०१५ ला सीमेवर टँकर अडकून नेपाळात इंधनाचे हाल झाले, त्यानंतर त्यांनी काय केलं? २०१९ मध्ये त्याच भारताकडून मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची तेलवाहिनी घेतली. तुमच्या हिशेबाने वेडेच म्हणायचे.

उलटतपासणी
वेडे नाहीत, पर्याय नव्हता. पर्याय नसणं आणि मैत्री यांत तुम्ही फरक करत नाही, हेच तर दुखणं आहे. सर्बिया-कोसोव्हो वादात २०१८ च्या सुरुवातीला ग्रिडमध्ये तूट राहिली आणि युरोपभर फ्रीक्वेन्सीवर चालणारी घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. ज्यांना कोसोव्हो नकाशात सापडला नसता, त्यांना ओव्हनवरच्या घड्याळामुळे कामावर उशीर झाला.

लोड डिस्पॅच
सहा मिनिटं! आणि नंतर ग्रिड किंचित जलद चालवून भरूनही काढली. आता याचं उत्तर द्या : युक्रेनवर बॉम्ब पडत असताना रशियाचा गॅस युक्रेनमधूनच युरोपला जात होता, वाहतुकीच्या भाड्यासकट. थेट १ जानेवारी २०२५ पर्यंत. कुणाचं बोट होतं बटणावर?

उलटतपासणी
हे उदाहरण माझ्या बाजूने वापरायला राखून ठेवलं होतं. असो. वाहिनीला युद्ध थांबवता आलं नाही, आणि युद्धालाही वाहिनी तीन वर्षं थांबवता आली नाही. बंद पडली ती करार संपला म्हणून. अर्धा गुण घ्या. पूर्ण मागू नका.

लोड डिस्पॅच
अर्ध्यावर समाधानी. पेन्शनरला सवय असते.

फ्योर्डकाठची
दोघांचं जमलं वाटतं. माझं बिल कोण भरतंय?

सांधेवाला
बाकी चालू द्या. मला फक्त कुणीतरी सांगा, सोव्हिएत रेल्वेने गेज १५२४ मिलिमीटरचा १५२० केला आणि फिनलंड १५२४ वरच राहिला, तरी एकाच्या गाड्या दुसऱ्याच्या रुळांवर चालल्या, मग या चार मिलिमीटरमागेही मीटरगेजप्रेमींना लष्करी कट दिसतो का?

मीटरगेजप्रेमी
दिसतो. वेगळा धागा काढतोय.