बातमी पेटल्यावर गावाच्या वतीने कोणी बोलावे?

चर्चाप्रस्ताव (निवृत्त मुख्याध्यापक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात मोठी बातमी झाली की बेंगळुरूच्या कन्नड आणि मुंबई-कोल्हापूरच्या मराठी वाहिन्या एकाच वेळी दारात येतात. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. त्यातच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असले, तर राजधानीतील पत्रकार आधीच शहरात असतात आणि सकाळची घटना दुपारी सभागृहात गाजते. अशा वेळी पहिला फोन जातो तो पीडीओला (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला), मुख्याध्यापकाला किंवा एखाद्या पंचायत सदस्याला, ज्याला कॅमेऱ्यापुढे बोलण्याचा सराव नसतो. "गावात तणाव आहे का?" या प्रश्नावर त्याने "तसे काही नाही, पण लोक नाराज आहेत" एवढेच म्हटले, तरी एका वाहिनीच्या पट्टीवर "तणाव नाही" आणि दुसरीच्या पट्टीवर "ग्रामस्थ संतप्त" असे झळकते, आणि दोन्हीकडचे लोक जाब विचारायला त्याच्याच घरी येतात. म्हणून पंचायतीने आधीच एक माणूस नेमावा, त्याने मराठीत आणि कन्नडमध्ये एकच लेखी निवेदन द्यावे आणि बाकी सर्वांनी पत्रकारांना त्याच्याकडे पाठवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (वार्ताहर, बेळगाव)

मला हे अजिबात मान्य नाही. एकच माणूस बोलणार असे ठरले की तो कोण, हे गावातील वजनदार मंडळी ठरवतात, आणि ज्याच्या दारात घटना घडली त्याचे म्हणणे निवेदनातून गळते. २०१४ मध्ये येळ्ळूर गावातील 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून पोलिसांनी लाठीमार केला, तेव्हा लोक स्वतः कॅमेऱ्यापुढे बोलले नसते, तर सरकारी निवेदनापलीकडे काय कळले असते?

प्रतिसाद (परिचारिका, बेळगाव)

कोणी बोलावे याआधी कोणाला विचारूच नये, हे ठरवा. डिसेंबर २०२३ मध्ये, अधिवेशन चालू असतानाच, बेळगाव तालुक्यात एका महिलेची विटंबना झाली. रुग्णालयात तिला भेटायला येणाऱ्यांवर अखेर कर्नाटक उच्च न्यायालयाला निर्बंध घालावे लागले. रुग्णाच्या खाटेपर्यंत माइक पोहोचू नये, यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट का पाहावी लागते?

प्रस्तावकाचे उत्तर

परिचारिका ताईंचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. वार्ताहर महोदयांना मात्र एवढेच सांगतो, की ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला बोलू नको असे मी म्हणत नाही. पदावरच्या माणसाकडून सगळ्या गावाचे मत वदवून घेतले जाते, त्याला माझा विरोध आहे. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी, याची नियमावली करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये गृहमंत्रालयाला सांगितले. पीडीओला अशी कोणती नियमावली आहे?

प्रतिसाद (वार्ताहर, बेळगाव)

नियमावली जरूर करा, पण त्यात वेळेचे बंधन घाला. आम्हाला दुपारच्या बातमीपत्रासाठी मजकूर पाठवायचा असतो. गावाचे निवेदन संध्याकाळी आले, तर तोपर्यंत बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकात घोषणा देणाऱ्यांचेच म्हणणे गावाचे म्हणून दोन्ही राज्यांत गेलेले असते, आणि ते मागे घेणे आमच्याही हातात राहत नाही.