एकटीने सर्फिंग शिकायला जायचंय, वय ४४, पोहणं जेमतेम. वेलिगामा की मुल्की?

कर्जत_लोकल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आई जूनमध्ये गेली. त्याआधी तीन वर्षं अंथरुणावर होती, म्हणजे घर-बँक-घर, मधे कुठे म्हणून गेले नाही, साधं माथेरानला पण नाही जे आमच्या इथून दिसतं. आता बावीस दिवस रजा साठलीय आणि मॅनेजर म्हणतोय मार्चच्या आत संपव. दादा-वहिनी म्हणतायत अष्टविनायक कर नाहीतर लेडीज ग्रुप टूरबरोबर सिंगापूरला जा. मला नकोय. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बसमध्ये अंताक्षरी आणि जेवताना प्रत्येकजण विचारणार आईला नक्की काय झालं होतं हो.

सर्फिंग कुठून आलं डोक्यात तर, रात्री आईजवळ जागताना फोनवर काहीतरी बघायचे, आवाज बंद करून. सिरीयल आवाजाशिवाय कळत नाही, सर्फिंगचे व्हिडिओ कळतात. असे तीनेक वर्षं बघितलेत. आता एकदा स्वतः पाण्यात उतरून बघायचंय, मग पडले तरी चालेल.

पोहायला पालिकेच्या टँकमध्ये शिकलेय, २५ मीटर कशीबशी जाते, पण पाय टेकत नाहीयेत हे कळलं की तिथेच दम लागतो. बजेट सगळं धरून ७०-८० हजार. श्रीलंकेतलं वेलिगामा आणि आपल्या कर्नाटकातलं मुल्की ही दोन नावं सारखी दिसतात. कोणी गेलंय का? आणि खरंच सांगा, ह्या वयात येतं का काही?

खाडीकाठचा_बाळू

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमचं घर गुहागर साइडला, अंगणातून समुद्र ऐकू येतो. लहानपणापासून एकच शिकवलंय, दर्याला पाठ दाखवायची नाही. दरवर्षी घाटावरून पोरं येतात, उधाणाचं पाणी कळत नाही, शिरतात आणि मग आमचे लोक होडी घेऊन शोधत बसतात, आणि त्यातल्या बऱ्याचजणांना पोहता येत असतं बरं का, टँकमधलं. तुम्हाला हवापालटच हवाय ना, मग आमच्याकडे या, झोपाळ्यावर बसा, उकडीचे मोदक खा. फळीवर उभं राहायचं वय आहे का हे!

मिठागर

बाळूदा वय काढलंत म्हणून लिहितेय, नाहीतर मी पण वाचनमात्रच. मी ४७ व्या वर्षी गेले वेलिगामाला, दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, एकटी, गुडघा डावा थोडा कुरकुरणारा.

कर्जत, आधी तुझ्या पाय टेकण्याबद्दल. वेलिगामाचा बे म्हणजे मोठ्ठा अर्धगोल आहे आणि तळाला बहुतेक सगळीकडे वाळू, शिकवतात तिथे प्रवाळ-खडक नाही. लाट लांब फुटते आणि तिचा फेस खूप वेळ किनाऱ्याकडे सरकत राहतो. नवशिक्यांना त्या फेसातच शिकवतात, कमरेएवढ्या पाण्यात, म्हणजे पहिले तीन-चार दिवस तुझे पाय टेकलेलेच असणार. आणि आपल्या मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं ना, तिथे भरती-ओहोटीचा फरक मीटरभर पण नसतो, त्यामुळे सकाळी कमरेएवढं आणि दुपारी डोक्यावरून असला प्रकार नाही.

सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्रात जातो म्हणून तिथे लाट स्वच्छ, एका रेषेत येते. मे नंतर आपला नैऋत्य मान्सून त्या किनाऱ्यावर सरळ आदळतो, मग सगळे पूर्वेला अरुगम बेला जातात. तू जानेवारी-फेब्रुवारीतच जा.

पहिल्या दिवशी वाळूवर बोर्ड ठेवून शिकवतात. इन्स्ट्रक्टरने मला नुसतं उभं राहायला सांगितलं आणि मागून हळूच ढकललं, मी म्हटलं अरे हे काय, तर कुठला पाय आधी पुढे पडतो ते बघत होता. मग दुसरा तो मागचा पाय, त्याच्या घोट्याला बोर्डची दोरी. हात छातीच्या बाजूला टेकवून उठायचं, बोर्डच्या कडा पकडायच्या नाहीत, आणि बोर्डकडे बघायचं नाही किनाऱ्याकडे बघायचं, कारण जिथे बघाल तिथे पडाल. मी पहिल्या दिवशी साधारण तीस वेळा बोर्डकडे बघितलं.

चालत आत जाताना बोर्ड तुझ्या आणि लाटेच्या मधे कधीच धरू नको, बाजूला धर, नाहीतर लाट तो बोर्ड तुझ्याच पोटात घालते. पडताना सपाट पड, उडी मारल्यासारखं पायावर नको, आणि वर येताना डोक्यावर हात.

नुसत्या स्विमसूटवर जाऊ नको, फुल हाताचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट) आणि गुडघ्याखाली येणारी टाइट घे. पोट आणि गुडघे बोर्डवर घासून सोलवटतात. सनस्क्रीन पोटऱ्यांच्या मागे लाव!! तोंडाला सगळे लावतात पण तू तासन्‌तास पालथी असणार आहेस, मला तिथे इतकं भाजलं की परतीच्या विमानात पाय टेकवून बसता येईना. अजून एक कोणी सांगत नाही, नाकात गेलेलं पाणी लगेच येत नाही, चार तासांनी हॉटेलात चप्पल घालायला वाकलीस की नळ सोडल्यासारखं बाहेर येतं, समोर कोण बसलंय ते बघून वाक.

मी गेले तेव्हा दीड तासाचा ग्रुप क्लास श्रीलंकन चार हजाराच्या आसपास होता, म्हणजे आपले अकराशे-बाराशे. नुसता बोर्ड भाड्याने त्याहून खूपच स्वस्त. बीचवर शंभर शाळा आहेत, आधीपासून ऑनलाईन पॅकेज घेऊ नको, मी घेतलं आणि एका माणसामागे आठ जण निघाले. तिथे जाऊन एक सकाळ नुसती बघत बस, जो ओरडत नाही आणि ज्याच्याकडे दोन-तीनच लोक आहेत तो पकड.

स्पीडब्रेकर

मी बंगळुरात असतो, मुल्कीला तीनदा जाऊन आलोय. मंगळुरू आणि उडुपीच्या मधे आहे, तुला कर्जतहून कोकण रेल्वेच सोयीची पडेल. भारतातला पहिला सर्फ क्लब तिथलाच, २००४ चा, सर्फिंग स्वामी म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते त्यांनी सुरू केलेला आश्रमवजा प्रकार. जेवण शाकाहारी, वातावरण शिस्तीचं. गर्दी वेलिगामाच्या मानाने काहीच नाही. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते त्यामुळे लाटेचा मूड नसेल तर नदीत पॅडल करता येतं, जे पोहणं कच्चं असणाऱ्यांसाठी भारी आहे.

पण खरं सांगायचं तर सलग आठ दिवस शिकायचं असेल तर वेलिगामा. मुल्कीत जानेवारीत कधी कधी समुद्र अगदी तळ्यासारखा पडून असतो, आमचे एकदा दोन दिवस पत्ते खेळण्यात गेले.

निशाचर_७

वजन ९४ आहे. बोर्ड बुडेल का? सिरीयसली विचारतोय, हसू नका.

मिठागर

नाही बुडत, नऊ फुटी फोमचा देतात, माझ्या बॅचला एक जर्मन बाप्या होता तो सहज ११० असेल, आमच्यात सगळ्यात आधी तोच उभा राहिला.

कर्जत_लोकल

मिठागर ताई किती ते सविस्तर, प्रिंट काढून ठेवलीय. एक राहिलं, एकटी बाई म्हणून काही त्रास? रात्री वगैरे?

मिठागर

बीचवर निम्म्या बायका एकट्याच असतात, कोणी वळून बघत नाही. पण रात्री आतल्या गल्ल्यांत दिवे नसतात आणि कुत्री खूप, नऊनंतर टुकटुक (तिथली रिक्षा) कर, ॲपवरून, हात दाखवून केलीस तर दुप्पट सांगतात. आणि पौर्णिमेला पोया असतो, दर महिन्याला सरकारी सुट्टी, दारू कुठेच विकत नाहीत, बियरचा बेत असेल तर कॅलेंडर बघून जा. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, सरकारी साईटवरच बघ.

खाडीकाठचा_बाळू

जाताच आहात तर एक ऐका. लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गुळगुळीत दिसतोय, तर नवखा माणूस म्हणतो इथून जाऊ. तिथेच पाणी आत ओढतं. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत बसू नका, दमाल, आडवं पोहा किनाऱ्याला समांतर, पट्टा संपला की लाटच बाहेर आणते. आणि फळी सोडायची नाही, ती तुमची होडी. वयाचं बोललो ते मागे घेतो, बायकोने धागा वाचला.

कर्जत_लोकल

धागा वर काढतेय, जाऊन आले!! फेब्रुवारीत, दहा दिवस. थोडं लांब होईल.

कोलंबो फोर्टहून ट्रेनने गेले. रूळ इतके समुद्राला लागून आहेत की काही ठिकाणी खिडकीतून खाली बघितलं तर पाणीच. पेरालियाला बुद्धाची उंच मूर्ती दिसते, शेजारच्या आजोबांनी दाखवली. २००४ च्या त्सुनामीत तिथेच अख्खी ट्रेन गेली होती, हजारावर माणसं. ते एवढंच म्हणाले आणि मला पिशवीतला वडा दिला, डाळीचा, वर अख्खी कोळंबी चिकटवलेला. बाळूदा, तुमची आठवण आली तेव्हा, पोटात गोळाच आला होता.

मिठागर ताईंनी सांगितल्याप्रमाणे पहिली सकाळ नुसती बसून बघितली आणि एक पंचविशीचा मुलगा पकडला. तो मला पहिल्या मिनिटापासून अक्का म्हणायला लागला, मला वाटलं ह्याला मराठी येतं की काय, तर सिंहलीत पण मोठ्या बहिणीला अक्काच. लाट आली की एकयि देकयि तुनयि म्हणून ढकलायचा. गावाचं नाव म्हणजे पण वाळूचं गाव, वेलि म्हणजे वाळू. ह्या गोष्टींनी उगाचच धीर आला, घरच्याच कुठल्या तरी लांबच्या नातेवाईकांकडे आल्यासारखं.

पहिले दोन दिवस नुसती आपटले. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना म्हणून सुट्टी घेतली, पोल रोटी (खोबरं घातलेली रोटी) आणि लाल खोबऱ्याची चटणी खाल्ली आणि दुपारी आडवी झाले ती चार तास. मधे एकदाही दचकून उठले नाही. तीन वर्षं झोपेत पण एक कान आईच्या खोलीत असायचा, तिच्या कॉटची कडी वाजायची, ती गेल्यावर पण तो कान काही बंद झाला नव्हता. उठले तेव्हा अंधार पडला होता आणि खाली कोत्तू (तव्यावर चिरलेली रोटी) करणाऱ्याचे पत्रे तव्यावर खाडखाड चालू होते, म्हणजे आवाज होता, भरपूर होता, तरी झोपले.

अजून एक. आईच्या थायरॉईडच्या गोळीचा साडेसहाचा अलार्म फोनमध्ये अजून तसाच आहे, काढायला हात होत नाही. जूनपासून रोज वाजतो आणि मी बंद करून तशीच पडून राहते. तिथे वेळ आपलीच, आणि क्लास सातचा. तोच अलार्म वापरला.

पाचव्या दिवशी उभी राहिले. किती वेळ, तर तीन सेकंद असतील, चार म्हणू. किनाऱ्याकडे बघायचं होतं ना, तर समोर एक माणूस केशरी शहाळी सोलत होता, त्याचा कोयता वर गेलेला दिसला आणि तो खाली यायच्या आत मी पाण्यात. वर आले तर मुलगा लांबून ओरडतोय अक्का अक्का आणि मी खोकतेय आणि हसतेय आणि नाकातून पाणी. पुढच्या पाच दिवसांत अकरा वेळा उभी राहिले, मोजलंय. हिरव्या लाटेवर म्हणजे न फुटलेल्या, एकदाही नाही, तिथे पाय टेकत नाहीत. एकदा गेले होते तिथपर्यंत, बोर्डवर बसून राहिले दहा मिनिटं, पाय लोंबकळत. दम लागला पण परत नाही फिरले. मग सरपटत फेसावर बाहेर.

बरगडीला मुका मार लागलाय, शिंकले की कळतं. खर्च विमानासकट चौऱ्याहत्तर हजार. बँकेत सगळे विचारतायत किती काळी झालीस, आणि वहिनी म्हणते फोटो कुठेत, फोटो कोण काढणार, मी पाण्यात होते.

आणि म्हशीचं दही मातीच्या मडक्यात देतात, वर कितुल नावाच्या झाडाचा पाक, काकवीसारखा पण धुरकट. रोज खाल्लं.

खाडीकाठचा_बाळू

अभिनंदन ताई!! कितुल म्हणजे आपला भेरली माड, माशाच्या शेपटीसारखी पानं असतात तो. आमच्या परड्यात दोन आहेत, पण त्याचा पाक करतात हे आज कळलं. आणला का थोडा?

कर्जत_लोकल

दोन बाटल्या आणल्या. एक बॅगेत फुटली, रॅश गार्ड तीनदा धुतला तरी वाळत घातला की मुंग्या येतायत. दुसरी तुमच्यासाठी ठेवते, मोदकांचं आमंत्रण अजून आहे ना?