पेट्रोल अर्ध्यावर आलं की काटा धपकन खाली पडतो, मीटर बदलावं का?

लातूरवाला १२५
राम राम मंडळी. १२५ सीसीची गाडी आहे, काट्याचा मीटर, जुनी झालीय पण इंजिन ठणठणीत. टाकी फुल केली की काटा बरोबर वर जातो, हळूहळू उतरतो अन् अर्ध्यावर आला की एकदम खाली पडतो, टाकी हलवून बघितलं तर पेट्रोल चांगलं खळखळ वाजायलंय. खड्ड्यात आपटली की कधी कधी परत वर येतो. मिस्त्री म्हणायलाय पूर्ण मीटर बदला, लई खर्च आहे राव. लातूर-अंबाजोगाई जाणं-येणं असतंय, रात्री पेट्रोलचा भरवसा राहत नाही.

परभणीकर
मीटरला हात लावू नका दादा. काटा दरवेळी त्याच जागी पडायलाय म्हणजे बिघाड टाकीतल्या फ्लोट युनिटमधी असणार. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याच्या दांडीची बारीक पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरते. बऱ्याच गाड्यांत टाकी फुल असली की ओहम (रेझिस्टन्सचं माप) कमी, रिकामी होईल तसे वाढतात, काहींत उलटं असतंय. पट्टी मधी झिजली की पत्ती टेकत नाही, सर्किट ओपन, मीटरला वाटतं टाकी रिकामी झाली. गचका बसला की पत्ती टेकते अन् काटा वर. कुठल्याही लेव्हलला थरथरत असता तर मी अर्थिंग नाहीतर कपलर (वायरींचा जोड) म्हणलो असतो.

नांदेड वायरिंगवाला
तरी कपलर बघाच, पावसाळ्यात हिरवा गंज धरतो. चावी बंद ठेवून टाकीखालचा कपलर सोडा, गाडीकडच्या दोन वायरी तुकड्यानं जोडा अन् मगच चावी ऑन करा. काटा फुलकडं गेला तर मीटर अन् वायरिंग ओके. तीन वायरी असल्या किंवा डिजिटल मीटर असला तर हे करू नका.

बीडचा भाऊ
युनिट काढून मल्टिमीटर २०० ओहमवर लावा, दांडी सावकाश वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे, मधीच गायब झाला की युनिट गेलं. अन् हे लई महत्त्वाचं, बऱ्याच गाड्यांत युनिट टाकीच्या बुडाला असतंय, पेट्रोल पूर्ण काढल्याबिगर नट सैल करू नका, इंजिन थंड पाहिजे, बॅटरीचं टर्मिनल काढलेलं पाहिजे, जवळ बिडी-काडी नको. रबर पॅकिंग नवीनच टाका, जुनं फुगलेलं असतंय, तिथून गळलं तर थेट गरम इंजिनवर.

लातूरवाला १२५
लई उपकार झाले भाऊ. नुसतं युनिट सुटं मिळतंय का?

परभणीकर
मिळतंय की, पण मॉडेल अन् साल सांगूनच घ्या. दुसऱ्या गाडीचं दिसायला सारखं असतंय, ओहम जुळत नाहीत अन् काटा खोटं दाखवतो. बसवल्यावर एकदा टाकी भरून गळती बघा. तोवर टाकी फुल केली की ट्रिप मीटर शून्य करत चला, रात्रीच्या वक्ताला काट्यावर जाऊ नका.