परिचयात न आलेल्या नोकऱ्या

अबोली

मागच्या आठवड्यात माझा निवृत्तीचा निरोप समारंभ झाला. ओळख करून देणाऱ्या तरुण सहकाऱ्याने ‘मॅडमच्या कारकीर्दीची सुरुवात याच संस्थेतून झाली’ असे सांगितले, टाळ्या पडल्या आणि मीही हसून मान डोलावली. परंतु घरी परतताना मनात आले की, त्याआधीच्या सहा वर्षांतील चार नोकऱ्या मी स्वतःच कधी कुणाला सांगितलेल्या नाहीत, तर त्या बिचाऱ्याने तरी त्या कुठून आणाव्यात? अर्जातील ‘पूर्वानुभव’ या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली होती, हे मला लख्ख आठवते.

त्या चारांपैकी टंकलेखिकेची नोकरी अकरा महिने टिकली. पत्राच्या पाच प्रती हव्या असत, त्यामुळे कागदांमध्ये कार्बन घालून यंत्रावर चढवायचे. एक अक्षर चुकले की प्रत्येक प्रतीवर ते वेगळे खोडायचे आणि खोडताना दाब खालच्या प्रतीवर उतरू नये म्हणून मध्ये चिटोरे सरकवायचे. स्टेन्सिल त्याहून नाजूक. यंत्राची फीत बाजूला करून मेणाच्या कागदावर अक्षराच्या कोऱ्या खिळ्याचा ठोसा बसे, मेण फाटे आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर त्या फटीतून शाई उतरे. हात जरा जड पडला की ‘व’चे पोट कापले जाऊन प्रत्येक प्रतीवर काळा ठिपका उमटायचा.

एका सभेच्या सूचनेत मी १३ तारखेऐवजी ३१ छापली. तीनशे प्रती वाटून झाल्यावर ते लक्षात आले आणि महिनाअखेरीस मला घरी पाठवण्यात आले. रकान्यातील रेघेचे खरे कारण ते होते. आजही वाक्य मनात पुरते जुळल्याशिवाय माझे बोट कळीवर पडत नाही आणि त्यावरून घरात माझी चेष्टा होते. आपल्याही परिचयात न येणाऱ्या अशा नोकऱ्या असतील, तर त्या अवश्य लिहाव्यात.

रानवारा

अबोलीताई, ३१ आणि १३ यांतील फरक १८, म्हणजे नऊच्या पटीत. आमच्या हिशेबनीस काकांनी आपली चूक बसल्या जागी पकडली असती.

मी हिशेब विभागात मदतनीस होतो. पहिल्याच वर्षी तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंच्या बेरजांचा ताळा, ६३० ने जुळेना. रोजची कीर्द आणि खातेवार खतावणी यांतील नोंदींवर मी दोन दिवस बरोबरच्या खुणा करत बसलो होतो. काका आले, त्यांनी फरकाचा आकडा पाहिला, आधी त्याला दोनाने भागले आणि ३१५ ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का ते शोधायला सांगितले. तशी नोंद निघाली नाही, तेव्हा त्यांनी नवाने भागले, भाग पुरता गेला आणि ते म्हणाले, ‘शेजारचे आकडे उलटे लिहिले आहेस.’ अर्ध्या तासात ७,९२० च्या जागी ७,२९० सापडले. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, हे गणित मला शाळेत कुणीही सांगितले नव्हते.

त्यापूर्वी दारोदार फिरून धूळ खेचण्याची यंत्रे विकण्याचे कामही मी तीन महिने केले. एकूण विक्री एक, गिऱ्हाईक सख्खी मावशी. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

दिवेलागण

आमच्याकडे चूक पकडायला दुसरे माणूसच बसवलेले असे. मी छिद्रपत्रे, म्हणजे पंच कार्डे, भरणारी होते. एका कार्डात ८० स्तंभ आणि १२ ओळी. मी भरलेले कार्ड शेजारच्या व्हेरिफायर यंत्रावर जाई, तिथली मुलगी मूळ कागद पाहून तोच मजकूर पुन्हा टंकत असे आणि तिचा ठोसा माझ्या छिद्राशी जुळला नाही की यंत्र अडून बसे. दिवसातून कितीदा अडले ते सगळ्या खोलीला ऐकू येई, त्यामुळे पहिले सहा महिने मला तिचा मनस्वी राग होता. पुढे चाळीस वर्षे तीच माझी जिवलग मैत्रीण राहिली.

एकदा माझ्या हातून कार्डांचा अख्खा गठ्ठा जमिनीवर पसरला. गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरपी रेघ मारून ठेवलेली असली की क्रम बिघडलेला चटकन दिसतो आणि रेघ जुळवत तो पुन्हा लावता येतो, ही युक्ती तिने मला त्या संध्याकाळी दाखवली. आम्ही दोघी उशिरापर्यंत जमिनीवर बसून होतो.

पाणकणीस

मी वयाने आपणा सर्वांहून बराच लहान आहे, पण दिवेलागणताई, आपले काम वाचून मी चकित झालो. गेल्या तीन वर्षांतील माझ्या चार नोकऱ्यांपैकी एकीत छायाचित्रांतील वाहनांभोवती आणि पादचाऱ्यांभोवती चौकटी ओढायच्या होत्या, म्हणजे त्यांवरून संगणकाला ओळखायला शिकवता येते. एकच चित्र तिघांना दिले जाई आणि दोघांचे जुळले की तिसरा चुकीचा ठरे. फरक एवढाच की ते दोघे कोण, हे मला कधीच कळले नाही. त्यामुळे राग धरायला किंवा मैत्री करायला कुणी नव्हते.

मुसाफिर

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो, दोन वर्षे. देवनागरीत काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचे खिळे निरनिराळे, त्यामुळे केसमधील, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतील, खणांची जागा हाताला पाठ होईपर्यंतच चार महिने गेले. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते आणि स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ओळ डोक्यावर उभी राहते, म्हणून ती खाली डोके वर पाय अशीच वाचायची सवय लागते. या सवयीचा मला पुढे फार उपयोग झाला, कारण मुलाखतीला गेलो की समोरच्या अधिकाऱ्याने माझ्या नावापुढे काय लिहिले ते टेबलाच्या या बाजूने मला सरळ वाचता येई. एकदा ‘बरा आहे, बोलतो फार’ असे वाचले आणि उरलेली दहा मिनिटे मी मोजकेच बोललो. नोकरी मिळाली.

छपाई झाली की तेच खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे काम नवख्याच्या माथी येई. एक ‘भ’ चुकून ‘म’च्या खणात पडला, तर पुढच्या मजकुरात तो कुठे उगवेल याचा नेम नसे. खिळ्यांत शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा वडीलधाऱ्यांचा दंडक होता.

तिसरी घंटा

सर्वांचे अनुभव वाचनीय आहेत, परंतु थोडा वेगळा सूर लावते, त्याबद्दल राग नसावा. माझी पहिली नोकरी एका गोदामात मालाची मोजणी करण्याची होती. वहीतील आकडा घेऊन मांडणीपाशी जायचे, मग मांडणीवरचा माल मोजून वहीपाशी यायचे, कारण एकाच बाजूने मोजले तर वहीत नसलेला माल कधीच सापडत नाही. हे मी शिकले, ते खरे. पण शेवटच्या महिन्याचा पगार मालकाने बुडवला आणि अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले तेव्हा ‘तू इथे होतीस याचा पुरावा काय?’ असे विचारले. माझ्या अर्जातील ती जागा त्या उत्तरामुळे कोरी राहिली. अबोलीताईंनी रेघ स्वतः ओढली. माझ्या बाबतीत ती दुसऱ्याने ओढली.

रानवारा

तिसरी घंटा, आपले म्हणणे मनाला लागले. आमच्याकडेही हजेरीपटावर नाव नसलेले दोघे होते आणि त्यांचा पगार ‘किरकोळ खर्च’ या खात्यात पडत असे. ती नोंद मीच करत होतो.

अबोलीताई, आपण चार नोकऱ्या म्हणालात आणि एकच सांगितलीत. शिवाय एक शंका आहे: तारीख चुकली होती, तर पांढरे द्रव्य लावून ती दुरुस्त का करता आली नाही? ते द्रव्य बेट नेस्मिथ ग्रॅहम या अमेरिकेतील टंकलेखिकेने १९५० च्या दशकात घरच्या स्वयंपाकघरात बनवले होते आणि १९७९ मध्ये जिलेट कंपनीने तिचा उद्योग ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला, म्हणून विचारतो.

अबोली

रानवारा, पांढरे द्रव्य कागदावरची शाई झाकते. स्टेन्सिलवर शाई नसते, छिद्र असते आणि ते बुजवायला वेगळे, मेणावर धरणारे द्रव्य लागते. ती बाटली माझ्या टेबलावरच होती. चूक दिसली असती तर लावली असती.

उरलेल्या तीनांपैकी पहिली पाकिटांवर पत्ते लिहिण्याची, शेकड्यावर मोबदला. दुसरी एका ग्रंथालयात परत आलेली पुस्तके कपाटात लावण्याची, आणि त्या चार महिन्यांत मी लावली त्याहून अधिक पुस्तके वाचली. तिसरी दूरध्वनीच्या खोलीत रात्रपाळीची होती, तिच्याविषयी सवडीने लिहीन.

तिसरी घंटा, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. पगाराचे ऐकून वाईट वाटले आणि माझ्या रेघेविषयी आपण म्हणता ते खरे आहे.

दिवेलागण

अबोलीताई, रात्रपाळीचे जरूर लिहावे. माझी ती व्हेरिफायरवाली मैत्रीण त्याआधी दूरध्वनीच्याच खोलीत होती. आज संध्याकाळी ती घरी येणार आहे, तिला हे सारे वाचून दाखवते.