मदत हवी आहे: डेस्कटॉप मध्येच बंद पडतो, रॅम आणि एसएसडी स्वतः टाकायची आहे

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. कराडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे अहवाल आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांची पानं, असं काम चालतं. सगळं काम एकाच असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर होतं: इंटेल आय-५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, कॅबिनेटसोबत आलेला आहे.

त्रास असा की मोठी पीडीएफ बनवायला घेतली की मशीन एकदम बंद होतं. निळा पडदा नाही, संदेश नाही, बटण दाबून बंद केल्यासारखं. लगेच चालू केलं तर थोड्या वेळात पुन्हा जातं. जेवून आल्यावर लावलं की बराच वेळ नीट चालतं. इथल्या दुरुस्तीवाल्यांनी न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, पूर्ण सेट नवा घ्या.

नवा घेणं मला आत्ता सोयीचं नाही, आणि पैसा हे एकच कारण नाही. माझ्या कित्येक वर्षांच्या फायली पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये आहेत. फाँटच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतं, म्हणजे मशीनला जोडायची परवान्याची किल्ली. नव्या मशीनवर ते सगळं पुन्हा बसवून तपासायचं, तेही अंकाची पानं अर्धवट असताना, हे जमणार नाही. त्यामुळे आहे तेच मशीन उघडून साफ करावं, ८ जीबीची आणखी एक रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी ४८० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) टाकावी असं मनात आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची भीती नाही, पण आधी काय काढायचं, काय अजिबात हलवायचं नाही, हे कुणीतरी क्रमाने सांगावं. रॅम आणि एसएसडी अजून मागवलेली नाही.

सोल्डरगन:
ताई, मी दुरुस्तीच्याच धंद्यात आहे. अजून काही मागवलं नाहीत हे उत्तम. आधी रोग कळू दे.

भार पडला की बंद, थंड झालं की चालू, लगेच लावलं तर लवकर बंद. ही लक्षणं उष्णतेची आहेत. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी तापमान चढत राहिलं तर मशीन बंद पडतं. प्रोसेसर जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. एसएमपीएस कमजोर असेल तरी भाराखाली बंद पडतं, पण तेव्हा थंड-गरमचा असा सरळ हिशेब सहसा लागत नाही. मशीन आपोआप रीस्टार्टही होतं.

एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाका, पीडीएफ बनवायला लावा आणि आकडे बघत बसा. मग बंद करून, वायर काढून, कॅबिनेटची डावी बाजू उघडा आणि प्रोसेसरवरच्या पंख्याला चारही कोपऱ्यांत बोटाने हलकेच दाबून बघा. एखादा कोपरा हलतोय का ते सांगा.

अक्षरजुळणी:
काका, काम सुरू नसतानाच ७० अंश दाखवतंय. पीडीएफ सुरू केल्यावर ९८-९९ पर्यंत गेलं आणि मशीन बंद. पंख्याचा रॅमच्या बाजूचा खालचा कोपरा स्पष्ट हलतो. दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. पंख्याखालच्या पात्यांत धुळीचा जाड थर आहे. दुकान रस्त्यालगत आहे.

सोल्डरगन:
मग मदरबोर्ड गेलेला नाही. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर, म्हणजे पंखा आणि खालची पाती, चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. कॅबिनेट उभं असल्याने कूलर कायम बोर्डाला लटकलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एखादी पिन ढिली पडते किंवा तिचा पाय तुटतो. एक कोपरा उचलला गेला की कूलरचा तळ प्रोसेसरला नीट टेकत नाही. शिवाय मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट इतक्या वर्षांत वाळून गेलेली असणार.

आता काढायचं कसं ते सांगतो.

मशीन काही मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट थोडी मऊ होते. भिंतीतला प्लग काढा, मागच्या सगळ्या वायरी काढा, मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं झोपवा, मदरबोर्ड वर दिसेल असं. पंख्याची चार तारांची वायर आधी काढा, नाहीतर कूलर उचलताना ती ओढली जाते. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण आहे. पिन त्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवायची आणि सरळ वर ओढायची. चारही सुटल्या की कूलर डावी-उजवीकडे हलकासा फिरवून उचला, हिसका देऊ नका.

प्रोसेसर मात्र काढू नका. तुमच्या सॉकेटमध्ये बारीक पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, आणि त्यातली एक जरी वाकली तरी मग बोर्ड खरोखरच गेला. तो लोखंडी चौकटीखाली दाबलेला आहे, तिथेच राहू द्या. वरचा पत्रा तिथल्या तिथे पुसता येतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए मिळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल. सुती कापडाला लावून प्रोसेसरचा वरचा पत्रा आणि कूलरचा तळ, दोन्ही चकचकीत करा.

नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. बोटाने पसरू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते.

बसवताना चारही पिनांची डोकी बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवलेली हवीत. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण डोकं तिरकं राहिलं तर पिन आत गेल्यासारखी वाटते पण अडकत नाही. समोरासमोरच्या तिरक्या जोड्या करून दाबा, प्रत्येकीचा टक असा आवाज येतो. मग कॅबिनेटची उजवी बाजू काढून बोर्डाच्या मागे बघा. बऱ्याच कॅबिनेटना तिथे खिडकी कापलेली असते. चारही पायांची टोकं फाकलेली दिसली पाहिजेत. एखादा पाय तुटलेला असेल तर पिनांचा सेट वेगळा मिळतो, त्यासाठी कूलर टाकायची गरज नाही.

धूळ ब्लोअरने काढा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते. आणि एसएमपीएसचा डबा अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. बाहेरूनच हवा मारा.

रेणुका ठाणे:
काकांच्या सांगण्यात एका गोष्टीची भर. काही काढण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो घ्या. विशेषतः पुढच्या बटणांच्या बारीक वायरी, पॉवर स्विच, रीसेट, हार्ड डिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा. स्विचच्या वायरी उलट लागल्या तरी चालतं, दिव्यांच्या उलट लागल्या तर दिवा पेटत नाही.

आता एसएसडी. ४८० जीबी घेऊ नका! तुमची डिस्क ५०० ची आहे आणि तुम्हाला पेजमेकर, फाँट, डोंगल सगळं जसंच्या तसं हवंय, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत करावी लागणार. क्लोनझिलासारखी साधनं नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर एरवी अडतात, मग आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) आकसून घ्यायची खटपट. ५०० किंवा ५१२ ची घ्या, किमतीत फार फरक नसतो.

घेताना अडीच इंची साटा एसएसडीच घ्या, म्हणजे हार्ड डिस्कसारखी वायरने जोडायची. बोर्डावरच थेट बसणाऱ्या एसएसडीसाठीची एम.२ खाच एच८१ च्या बोर्डांवर सहसा नसते. या चिपसेटवर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. बोर्डावर शेजारी बारीक छापलेलं असतं, ते वाचून वेगवान पोर्टला लावा. एसएमपीएसमध्ये साटाचं पॉवर टोक उरलेलं नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोठ्या टोकावरून साटा करणारे, साच्यात ओतलेल्या टोकाचे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, ते टाळा. त्यातल्या काहींमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागते. डीव्हीडी ड्राइव्ह वापरत नसाल तर त्याचंच टोक काढून लावा.

आणि प्रत करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याच्या वर असेल तर आधी ग्राहकांच्या फायली दुसरीकडे उतरवा, मग प्रत.

नगरचा सुमेध:
मला या मशीनवर खर्च करणंच पटत नाही. विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत. ४४६० चौथ्या पिढीचा. आज ना उद्या बदलावंच लागणार, मग आत्ताच का नको?

रेणुका ठाणे:
सुमेध, मुद्दा बरोबर आहे पण वेळ चुकीची आहे. दिवाळी अंक छापखान्यात जाईपर्यंत ताईंना चालतं मशीन हवंय. साटा एसएसडी पुढे नव्या मशीनलाही जोडता येते, रॅमच काय ती वाया जाईल. ताई, या मशीनवरचं इंटरनेट काढून टाका, मेल आणि बँक मोबाइलवर किंवा दुसरीकडे. फायली पेन ड्राइव्हने न्या, तोही आधी दुसऱ्या मशीनवर तपासून. पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर आहे, त्याला इंटरनेटशी कर्तव्य नाही.

नगरचा सुमेध:
इंटरनेट काढत असतील तर माझा आक्षेप नाही. मात्र अंक झाल्यावर ते डोंगल नव्या विंडोजवर चालतं का, हे फाँट कंपनीला विचारून ठेवा. ते काम सावकाशीचं आहे, पण टाळू नका.

अक्षरजुळणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कूलर निघाला. हलणाऱ्या कोपऱ्यातल्या पिनेचा पाय तुटलेलाच होता. पिनांचा सेट मिळाला, आयपीएने पुसून नवी पेस्ट लावली, मागून चारही पाय फाकलेले दिसतात. आता नुसतं असताना चाळिशीत आणि पीडीएफ करताना साठीच्या आसपास राहतं. अख्ख्या अंकाची पीडीएफ एका दमात झाली.

पण रॅमने अडवलंय. ८ जीबीची पट्टी ऑनलाइन मागवली. डीडीआर-३, १६००, खाच बरोबर जुळते, दोन्ही बाजूंची कुलपं बसतात. लावली की पंखे फिरतात, पडदा काळा. काढली की जुन्या ४ जीबीवर मशीन सुरळीत. जुनी काढून नवी एकटी लावली, दोन्ही खाचांत आलटून पालटून लावली, तेच. सोन्याच्या पट्ट्या खोडरबरने पुसूनही बघितल्या. विक्रेता म्हणतो रॅम चांगली आहे, तुमचाच बोर्ड जुना.

सोल्डरगन:
ऑनलाइन जिथून घेतली त्या पानावर किंवा पट्टीच्या स्टिकरवर कुठे ‘एएमडी’ लिहिलंय का बघा.

अक्षरजुळणी:
हो! वर्णनात अगदी तळाला ‘फॉर एएमडी’ असं आहे. मुख्य नावात कुठेच नाही.

सोल्डरगन:
तेच कारण. बाजारात ८ जीबी डीडीआर-३ च्या स्वस्त पट्ट्या येतात, त्यातल्या चिपांची आतली रचना वेगळी असते. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीसाठीचे काही जुने बोर्ड ती वाचू शकतात, इंटेलचे नेहमीचे डेस्कटॉप बोर्ड वाचत नाहीत. म्हणून विक्रेत्याच्या मशीनवर चालते आणि तुमच्याकडे पडदा काळा. बोर्डाचा दोष नाही, पट्टीही खराब नाही. परत करा, आणि ‘फॉर एएमडी’ हे मुख्य नावात लिहिलेलं नव्हतं हे स्पष्ट लिहा. नवी घेताना इंटेलवर चालते अशी लेखी खात्री घ्या. डीडीआर-३ किंवा कमी व्होल्टेजची डीडीआर-३एल, चौथ्या पिढीच्या बोर्डांवर सहसा दोन्ही चालतात. लॅपटॉपची आखूड पट्टी बसणार नाही. तुमच्या बोर्डाला दोनच खाचा आणि एकूण १६ जीबीची मर्यादा आहे, म्हणजे ४ आणि ८ मिळून १२ व्यवस्थित चालतील.

आणखी एक. घड्याळ मागे पडतंय म्हणून कुणी बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदलायला सांगितलं तर त्याआधी बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या, सगळ्या पानांचे फोटो घ्या. बॅटरी काढली की सेटिंग मूळपदावर जातं. त्यात साटाचा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीईचा एएचसीआय किंवा उलट झाला तर विंडोज सुरू होत नाही, आणि माणूस उगाच डिस्कला दोष देत बसतो.

अक्षरजुळणी:
रॅम परत गेली, दुसरी आली, १२ जीबी दिसतायत. बॅटरीला हात लावलेला नाही, बायोसचे फोटो घेऊन ठेवलेत. डिस्कची तब्येत चांगली निघाली, पेंडिंग शून्य. ५१२ ची एसएसडी आणली आहे. शेवटची शंका: प्रत झाल्यावर जुनी डिस्कही साठवणीसाठी आत जोडून ठेवू का?

रेणुका ठाणे:
पहिल्यांदा सुरू करताना नको. प्रत केल्यावर दोन्ही डिस्कची ओळखखूण एकसारखी असते. दोन्ही जोडलेल्या असतील तर मशीन जुनीवरूनच सुरू होऊ शकतं, किंवा विंडोज एकीला ऑफलाइन करतं. मशीन बंद करा, जुनीची साटा वायर आणि पॉवर दोन्ही काढा, एसएसडी एकटीवर चालू करून पेजमेकर, फाँट, डोंगल सगळं उघडून बघा. मदरबोर्ड तोच असल्यामुळे डिस्क बदलल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन सहसा जात नाही.

आणि अंक छापून येईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा, वर आजची तारीख लिहून. एसएसडी अचानक बंद पडली तर तीच डिस्क परत जोडून त्याच संध्याकाळी काम सुरू करता येईल. फक्त रोजची पानं रोज पेन ड्राइव्हवर उतरवत जा, कारण त्या डिस्कवर आजपर्यंतचंच असेल.

अक्षरजुळणी:
केलं. एसएसडी एकटीवर मशीन चालू आहे, डोंगल ओळखलं, जुन्या अंकाची फाइल उघडून छापूनही बघितली, जोडाक्षरं जागेवर आहेत. कुणाच्या मशीनला हीच पिन तुटली असेल तर सेट घेताना दुकानदाराला कूलरचा फोटो दाखवा. मला दाखवलेल्या दोन सेटपैकी एकाची जाडी वेगळी होती, तो बसला नसता.