मदत हवी आहे: फोन आणि लॅपटॉप वायफायवर एकमेकांना ओळखतच नाहीत

मंडळी, जरा डोकं लावा. अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा लॅपटॉप केडीई कनेक्ट या फोन-संगणक जोडणाऱ्या ॲपने जोडलेत. फोटो, कॉपी केलेला मजकूर, सगळं मस्त इकडून तिकडे जायचं. गेल्या आठवड्यात माडीवर रेंज यावी म्हणून जुना राउटर केबलने जोडला आणि तेव्हापासून दोघांचा अबोला!

लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणारी भिंत) ॲपला लागणारे १७१४ ते १७६४ पोर्ट, म्हणजे डेटाची दारं, टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडलेत. नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' केलंय. फोनची बॅटरी बचतही बंद आहे. गंमत म्हणजे फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घेतला की क्षणात जोडणी होते. म्हणजे ॲपचा दोष नसावा.

काल रात्री सहज दोघांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) पाहिले. खाली लॅपटॉपचा १९२.१६८.१.७, वर फोनचा १९२.१६८.०.१०२. तिसरा आकडाच वेगळा! म्हणजे माडीवरच्या राउटरने स्वतःचा वेगळा संसार थाटलाय का? लॅपटॉपचा आयपी फोनमध्ये हाताने टाकून पाहिला, उपयोग शून्य.

या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड' (वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय पुरवायची सोय) सापडत नाही. नुसतं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करून केबल वॅनऐवजी (इंटरनेट आत येणारी खाच) लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) खाचेत लावली तर चालेल का? आधी त्याचा आयपी बदलावा लागेल का? मुलांच्या ऑनलाइन क्लासमुळे नेट फार वेळ बंद ठेवता येत नाही, म्हणून आधी विचारतोय.