मदत हवी आहे : मुलीसाठी ‘व’वरून रानाशी नातं सांगणारं नाव

बाळाचं नक्षत्र रोहिणी, दुसरं चरण, म्हणून आद्याक्षर ‘वा’. घरच्यांना ‘व’ही चालेल. राहणार जर्मनीत. तिथे व्ही बहुधा ‘फ’ असा वाचतात आणि डब्ल्यू ‘व’ असा, त्यामुळे पासपोर्टवरचं स्पेलिंग आधीच ठरवायचं आहे.

पाहून झालेली नावं : वनिता (संस्कृतात अर्थ स्त्री, रानाशी संबंध नाही), वनजा (अर्थ रानात जन्मलेली, पण ‘वन’ म्हणजे पाणीही, म्हणून अर्थ कमळाकडेही जातो), वनश्री (मनापासून आवडलं, पण तिथे ‘श्री’ नीट उच्चारतील असं वाटत नाही), वन्या (रानातली, मात्र वान्या हे रशियन इवानचं लाडकं रूप, म्हणजे मुलाचं नाव समजतील).

अटवी आणि विपिन अक्षरात बसत नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 146वं सूक्त जिला उद्देशून आहे ती अरण्यानी फारच आवडते, पण तीही ‘अ’वरूनच. वृंदा घरात आधीच आहे.

नाव दोन किंवा तीन अक्षरी हवं, अर्थ कोशात सापडणारा हवा. नावांच्या साइटवरचे अर्थ नकोत. ‘व’ किंवा ‘वा’वरून असं कोणतं नाव सुचवाल? आणि वनजाच ठेवलं तर स्पेलिंग व्हीने करावं की डब्ल्यूने?